एक चूल, एक पावसाळा

‘मला माहीत नाही’ हे वाक्य सरकारी नोकरीत मोठ्यानं म्हणायचं नसतं, एवढी साधी गोष्ट शकुन तेलगोटेला शेवटपर्यंत कुणी शिकवू शकलं नाही. साहेबानं विचारलं की खालच्या माणसानं होय म्हणावं, फार तर बघतो म्हणावं आणि चहाला जावं. ही बाई भर बैठकीत उभी राहून सांगायची, की मला माहीत नाही, करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. लोक हसायचे. मग ती चिडायची. चिडली की प्रशिक्षणात शिकलेलं तिचं नीटनेटकं मराठी गळून पडायचं आणि तेल्हाऱ्याकडची बोली तोंडात यायची, त्यामुळे लोक आणखी हसायचे.

ती तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातली. बाप लहानपणीच गेलेला. आई मैनाबाई हिनं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून लेकीला सातवी पास होईस्तोवर शाळेत ठेवलं. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून नदीत सोडले, आणि पुढच्या वर्षी शकुनची ग्रामसेविका म्हणून निवड झाली. खेड्यापाड्यांतल्या बायांना आरोग्य, शिवण, मुलांचं खाणंपिणं शिकवायचं असं ते काम. वस्तीत केवढा आनंद झाला! मैनाबाईनं मात्र लेकीचं नेमणुकीचं पातळ हातानं चाचपून पाहिलं, कारण तिला ते नीट दिसत नव्हतं. उभं आयुष्य चुलीसमोर गेलेलं. वऱ्हाडात जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. उन्हाळ्यात ती भुरूभुरू जळते आणि पावसाळ्यात नुसती धुमसते. त्या धुरानं मैनाबाईचे डोळे पन्नाशीच्या आतच निकामी व्हायला आले होते. आईच्या डोळ्यांचं आता काही होणार नाही, हे शकुनला डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दर्यापूर गटात रुजू झाल्यावर ती कुठल्याही घरासमोर उभी राहिली, की तिची नजर आधी आतल्या चुलीकडे जायची.

जायची म्हणजे काय, जाऊ पाहायची. कारण घराच्या आत तिला घेतं कोण?

तिच्याकडे चारपाच गावं होती. त्यांतलं सगळ्यांत मोठं बोरखडी. शेतकऱ्यांची वस्ती, काळी जमीन, सपाट मातीच्या छपरांची धाब्याची घरं. सेविकाबाई आल्या की बाया अंगणात सतरंजी टाकायच्या, शिवण शिकायच्या, लेकराला काय खाऊ घालू म्हणून विचारायच्या आणि हसूनखेळून बोलायच्या. पण शकुनचं पाऊल ओट्याच्या पुढे पडलं नाही. कुणी अडवायचं नाही, कुणी वाईट बोलायचं नाही. फक्त ती उठून दाराकडे वळली की कुणीतरी चटकन ‘बसा ना इथंच, वारा हाये’ म्हणायचं. पाणी वरून ओंजळीत यायचं. सरकारनं तिला सायकल दिली होती, शिक्का दिला होता, पण चुलीपर्यंत जायची वाट सरकारकडेही नव्हती.

एका घरी मात्र ती गेली. खुशालरावांची बायको सुभद्रा, शकुनच्याच वयाची. तिची सासू कौशल्याबाई लेकीच्या लांबलेल्या आजारपणात अकोल्याला जाऊन बसली होती. श्रावणातली रिपरिप चाललेली, सुभद्रा डोळे चोळत दाराशी आली आणि अंगणात भिजत उभ्या असलेल्या शकुनला म्हणाली, “ये ना वं आत. बुढी अकोल्याले गेली हाय, कोन पायते?”

शकुन आत गेली आणि थेट चुलीशी जाऊन बसली. सुभद्राचे डोळे तांबडेलाल झाले होते, पापण्या सुजल्या होत्या म्हणायला हरकत नाही इतक्या जड. ओली पऱ्हाटी सारून सारून ती बिचारी फुंकणीनं गालफडं दुखवून घेत होती. दोघींनी मिळून चहा केला. सुभद्रानं तो घरातल्या कपबशीतून दिला. शकुनला पुढं कितीतरी वर्षं त्या बशीवरची निळी कड आठवत राहिली, आणि आठवली की रागच यायचा. पण ते पुढं.

“धूर घराबाहेर जाईन अशी चूल येऊन राहिली म्हनतात सरकारात,” शकुन तिला म्हणाली. “आली तं पयली तुह्या घरी घालू.”

“घाल माय,” सुभद्रा म्हणाली. “माह्ये डोये चालले.”

त्याच हिवाळ्यात ती योजना खरोखरच आली. निर्धूर चूल तिचं नाव. पुढच्या तोंडातून जळण सारायचं, वर दोन भांडी बसतील अशी दोन तोंडं, आणि धूर मागच्या बोगद्यातून भिंतीतल्या धुराड्यात आणि तिथून छपरावर. गटविकास अधिकारी गावंडे साहेबांनी दर्यापुरात बैठक बोलावली. साहेब मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर सगळा दोष त्यांच्या माथी मारून मोकळं व्हायचा मोह होतो. पूर्वी ते रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामावर होते. त्यांचा एकही पूल वाहून गेला नव्हता. त्यामुळे कुठलंही काम कसं करावं, याबद्दल त्यांच्या मनात संशय म्हणून नव्हता. आधी नकाशा पक्का करायचा, मग सामान गोळा करायचं, मग एका दमात बांधून काढायचं. टेबलावर चुलीचा नकाशा होता, शेजारी सुतारानं केलेला लाकडी साचा होता. गवंडी साच्यात माती ठोकत जाणार आणि मार्च संपायच्या आत बोरखडीत शंभर चुली उभ्या राहणार.

शकुन उभी राहिली.

“साहेब, शंभर नको. एक घालू. बोरखडीत एक घर आहे, तिथं घालते. पावसाळाभर तिच्याजवळ बसते. ओल्या पऱ्हाटीवर कशी जळते, बाई काय करते, कुठं अडते, ते पाहते. जे बिघडेल ते नीट करून पुढच्या वर्षी पाच घरी घालू.”

“म्हणजे शंभर चुली तुमच्या नातवंडांच्या काळात होतील,” साहेब म्हणाले. बैठक हसली. साहेबांनी हात वर करून हसणं थांबवलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, “बाई, अर्धा पूल बांधून त्यावरून बैलगाडी नेऊन पाहतात का? देवीची लस तुम्हीच टोचलीत ना गावात? ती एकाला टोचून वर्षभर वाट पाहत बसलात का? सगळ्या गावाला एका दिवशी टोचली, म्हणून देवी गेली.”

हे खरं होतं. लशीचं काम शकुननंच केलं होतं आणि तिथं एकेक घर करत बसणं हा खुळेपणा झाला असता. तरी ती म्हणाली, “लस बाहेरून येते साहेब, टोचली की काम झालं. पूल आपण बांधतो आणि आपणच राखतो. चूल तशी नाही. चूल दुसऱ्या दिवसापासून त्या बाईच्या ताब्यात जाते. ती तिचं काय करेल ते नकाशात नाही.”

“काय करेल? सांगा. आत्ता सांगा, आत्ता नकाशात घालू.”

“मले माहीत नाही,” शकुन म्हणाली. “म्हनूनच तं म्हनतो.”

आता बैठक हसली ते हसणं साहेबांनीही थांबवलं नाही. चूक होईल म्हणते, आणि कोणती ते माहीत नाही म्हणते! बाहेर आल्यावर मुख्यसेविकेनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, तोंड सांभाळा. शकुनला तिच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. तिला वाद घालता येत नव्हता. जे अजून घडलंच नाही त्याचा पुरावा माणूस आणणार कुठून? आणि साहेबांचं म्हणणं तर असं, की ते ऐकताना तिलाही पटत होतं. ती सायकल घेऊन निघाली, आणि दुसऱ्या सोमवारी साचा घेऊन बोरखडीत हजर झाली. आईला कोण पोसणार होतं?

काम झटझट झालं, हे कबूल करायलाच हवं. गवंडी गावातलाच, कुणब्याचा. तो साचा घेऊन सरळ आत जायचा. सेविकाबाई अंगणात उभी राहून आत ओरडायची, ‘तोंड केवढं आलं? भिंतीपासून वीतभर सोडलं का?’ आणि आतून गवंडी ओरडायचा, ‘सोडलं, सोडलं.’ सोडलं की नाही ते तिनं पाहिलं नाही. शंभर घरांच्या चुली तिनं ऐकून घातल्या. फक्त सुभद्राच्या घरी, सासू अजून अकोल्यालाच होती म्हणून, ती आत गेली. बाह्या सारून तिनं स्वतःच्या हातानं धुराचा बोगदा आतून गुळगुळीत केला. सुभद्रा शेजारी बसून माती कालवून देत होती. सुटीत गावी जाऊन तिनं तसलीच एक चूल मैनाबाईलाही घालून दिली.

मार्चअखेर अमरावतीहून मोठे साहेब आले, हारतुरे झाले, एका घरच्या नव्या चुलीवर चहा झाला. धूर धुराड्यातून वर गेला. पऱ्हाटी त्या वेळी खडखडीत वाळलेली होती, त्यामुळे ती कुठल्याही चुलीत जळली असती. गावंडे साहेबांनी शकुनकडे पाहून मान हलवली. ‘काय बाई, निघाली का चूक?’ असंच ते पाहणं होतं.

आषाढ लागला आणि चुली घरात धूर ओकू लागल्या.

आधी एक, मग चार, मग गल्लीच्या गल्ली. पूर्वी निदान उघडी चूल होती, धूर इकडेतिकडे फाकायचा. आता तो पुढच्या तोंडातून भसकन बाईच्या तोंडावरच यायचा. शकुन घरोघर अंगणात उभी राहून विचारायची, धुराडं बुजलं का, नळी फुटली का, आणि आतून उत्तर यायचं, ‘नाई बाई, सारं तसंच हाय.’ सारं तसंच असेल तर धूर का येतो? तिला आत जाऊन हात घालून पाहायचं होतं. एवढंच पाहिजे होतं. दारात उभं राहून ती अक्षरशः हात चोळायची.

त्याच सुमाराला कौशल्याबाई अकोल्याहून परतली. घरात धूर, सुनेचे डोळे सुजलेले. ही चूल कुणी घातली म्हणून तिनं विचारलं. शेजारणीनं सांगितलं.

मग गावाला कारण सापडलं. शंभर माणसं एखाद्या गोष्टीचं कारण शोधत असतील आणि ते सापडत नसेल, तर ती जवळचं धरतात. चूल बाटली. त्या बाईचा हात लागला, अग्नी रुसला. नव्याण्णव घरांच्या उंबऱ्याच्या आत ती गेली नव्हती, कपाळाला लावण्यापुरतीही तिथली माती तिनं हातात घेतली नव्हती, पण त्या घरांतही हेच बोललं जाऊ लागलं. ज्यांनी तिला आत घेतलं नाही त्यांच्या चुली तिच्या हातानं बाटल्या! या गणिताला काय म्हणावं? एकेक करून चुली फुटल्या. अमावस्या पाहून फोडल्या, गोमूत्र शिंपडलं आणि जुन्या चुली जागच्या जागी बसल्या.

शकुन गावंडे साहेबांकडे गेली. म्हणाली, एकदा येऊन बघा, गवंड्याला पाठवा, एक चूल उकरून बघू द्या. साहेब दमलेले होते. चुलींचं काम पुरं झालं, वर कळवून झालं, आता खतखड्ड्यांचं काम आलं होतं. “बायांना वापरता येत नाही नीट, त्याला आपण काय करणार?” ते म्हणाले. “शंभर खड्डे आहेत बाई. तयारीला लागा.”

दिवाळीला ती गावी गेली. रागानं तिचं अन्न तुटलं होतं. घरात शिरली तर तिथंही धूर. मैनाबाई चुलीसमोर डोळे मिटून भाकरी थापत होती, कारण उघडून फारसा फरक पडत नव्हता.

“इथं बी?” शकुन मटकन खाली बसली. आणि बसल्याबसल्या तिला पहिल्यांदा बरं वाटलं. इथं तर कुणी बाटवायला आलं नव्हतं. म्हणजे काहीतरी दुसरं होतं.

जेवणं झाली. मैनाबाईनं रोजच्यासारखं पांढऱ्या मातीचं गाडगं ओढलं, फडकं त्यात बुडवलं आणि चुलीला पोतारा द्यायला लागली. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात शेवटची भाकरी उतरली की बाई चुलीला ओल्या मातीचा हात फिरवते; पोताऱ्याशिवाय चूल रात्रभर ठेवली तर त्या बाईला लोक घाण म्हणतात. शकुन हे जन्मल्यापासून पाहत आली होती. म्हणूनच तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. मैनाबाईचा हात चुलीवरून फिरला, पुढच्या तोंडात गेला, मग मागच्या तोंडात, आणि जिथवर पोचतो तिथवर आतल्या बोगद्यात. रोज एक पातळ थर.

शकुननं आईचा हात धरला, बाजूला केला आणि स्वतःचा हात आत घातला. चैत्रात तिची मूठ सहज जायची त्या बोगद्यात आता दोन बोटं जेमतेम शिरत होती.

“काय झालं वं?” मैनाबाई घाबरली.

“पोतारा, माय. पोताऱ्यानं बुजली.”

“मंग काय पोतारा न देता चूल ठेवू? लोक काय म्हनतीन?”

शकुन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. विळ्यानं खरवडून तिनं ओंजळभर वाळकी माती काढली. पऱ्हाटी पेटवली. धूर सुतासारखा सरळ मागं ओढला गेला. एवढंच होतं! एक चूल असती, ती शेजारी बसलेली असती, तर वैशाखातच कळलं असतं. आपण शहाणे म्हणून नव्हे, नुसतं तिथं बसलेलो असतो म्हणून कळलं असतं.

सुटी अर्धवट सोडून ती दुसऱ्याच दिवशी बोरखडीला परतली आणि तडक सुभद्राच्या दारात गेली. ओट्यावर कौशल्याबाई वाती वळत बसली होती. आत, जिथं नवी चूल होती तिथं शेणानं सारवलेली सपाट जमीन दिसत होती. सुभद्रा पाणी घेऊन बाहेर आली. तांब्या उंच धरून तिनं शकुनच्या ओंजळीत धार धरली. ती शकुनकडे पाहत नव्हती.

शकुननं अंगणातूनच सगळं सांगितलं. बोगद्याच्या आत पोतारा देऊ नका, नाहीतर महिन्यामहिन्यानं खरवडा.

“चुलीले पोतारा द्याचा नाई?” कौशल्याबाई वात वळता वळता म्हणाली. “तुमच्यात चालत असन तसं. आमच्यात चूल देव हाय.”

तुमच्यात! मैनाबाईचा पांढऱ्या मातीनं भरलेला हात शकुनच्या डोळ्यांसमोर आला. तिच्या तोंडात असं काही आलं होतं की ते बाहेर पडलं असतं तर नोकरी गेली असती. ती सायकल घेऊन निघाली. मागं सुभद्रा तांब्या हातात धरून तशीच उभी होती.

त्यानंतरची चारपाच वर्षं खतखड्ड्यांत, शोषखड्ड्यांत आणि आणखी कशाकशात गेली. सगळं शंभराच्या हिशेबात. महाराष्ट्र झाला, पंचायत समित्या आल्या, गावंडे साहेब बढतीवर गेले. शकुन नोकरीत कायम झाली, म्हणजे आता तिला हवं ते बोलता येणार होतं. पण बोलून बोलून ती इतकी कंटाळली होती की बैठकीत मुख्यसेविकाच आता तिला विचारायची, ‘काय, आज माहीत आहे वाटतं सगळं?’

चौसष्ट साली काळमेघ नावाचे तरुण साहेब आले. चुलींची योजना नव्यानं आली होती. त्यांनी बोरखडीची हकीकत ऐकली होती. ते शकुनला म्हणाले, “बाई, या वेळी तुमच्या पद्धतीनं करा. एक घर निवडा, एक चूल घाला, पावसाळाभर बसा. घाई नाही.”

पाच वर्षं जे मागितलं ते हातात आलं होतं. शकुन त्याच संध्याकाळी बोरखडीत गेली, दुसऱ्या दिवशीही गेली. बाया सतरंजी टाकत होत्या, लेकरांचं विचारत होत्या. चुलीचं नाव काढलं की बसलेली बाई उठून म्हशीकडे जायची. सुभद्रानं दुरूनच मान हलवून नाही म्हटलं. या पद्धतीला ना साचा लागत होता ना गवंडी, फक्त एक उघडं दार लागत होतं, आणि बोरखडीत होतं ते एकुलतं दार मागच्या खेपेला खर्ची पडलं होतं. साहेब आता तिच्या बाजूचे होते, त्याचा काय उपयोग? तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

बोरखडीच्याच बौद्ध वस्तीच्या तोंडाशी इंदूबाईनं तिची सायकल अडवली. इंदूबाई रोजमजुरी करणारी, जिभेला धार असलेली.

“काऊन वं शकुनबाई, आमच्या घरी चुली नाईत काय? का आमच्या डोयात धूर जात नाई?”

“गावंडे साहेब म्हणायचे, तिकडची चूल पाहायला गाव येणार नाही.”

“साहेब म्हनतीन. तू काय म्हनतं?”

शेतकऱ्यांच्या वरच्या गल्लीचं दार उघडायच्या नादात ती स्वतःच या वस्तीवरून सायकल दामटत जायची. ती सायकलवरून उतरली.

इंदूबाईच्या घरी तिनं चूल घातली आणि रोज येऊन तिथं बसू लागली. पोतारा द्यायचाच, हे इंदूबाईनं आधीच बजावलं. मग बोगद्याच्या तोंडाशी काय बसवावं? आधी पत्र्याचं कडं बसवलं. ते तापून इंदूबाईचं मनगट भाजलं. मग वीट बसवली, ती तडकली. शेवटी इंदूबाईनं फुटक्या माठाचा गळा आणून तिथं लिंपला. भाजलेली लाल कड पांढऱ्या मातीत उठून दिसायची. पोताऱ्यात ती कड दिसेनाशी झाली, की समजायचं, खरवडायची वेळ झाली. आषाढात चूल झकास ओढत होती. भाद्रपदात नवंच निघालं: चुलीवर आढ्याला बियाण्याची ज्वारीची कणसं टांगलेली असत, ती धुराविना किडायला लागली. शकुन खूश झाली. इंदूबाईनं विचारलं, बियाणं किडलं त्यात हसतं काय? पण ती एका घरचं बियाणं किडलं म्हणून हसत होती. शंभर घरचं नव्हतं. कणसं धुराड्याच्या तोंडाशी छपरावर टांगायची ठरली. पुढच्या वर्षी वस्तीत घरोघर तशा चुली झाल्या, आणि त्या बायांनीच घातल्या.

मग एका दुपारी सुभद्रा इंदूबाईच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, डोळे आत गेलेले. ती उंबऱ्यावर थबकली. शकुन आत बसली होती. सुभद्रा आत आली, चुलीशी बसली, बोगद्यात हात घातला, लाल कडेवरून बोट फिरवलं, आणि कड किती आत बसवायची, माठ कोणता घ्यायचा, सगळं नीट विचारून घेतलं. इंदूबाईनं चहा टाकला.

“चहा आताच घेऊन आली घरून,” सुभद्रा म्हणाली.

उठताना तिनं शकुनचा हात धरला. “माह्या हातानं घालीन म्हनतो मी.”

“घाल ना. पहिल्या पावसात मी येते. बाजूला बसून पाहते नुसती.”

“नको वं,” सुभद्रा हळूच म्हणाली. “बुढी हाय अजून.”

सुभद्रानं चूल घातली. तिचं पाहून शेजारणीनं घातली, मग गल्लीनं. काळमेघ साहेबांनी सगळ्यांसमोर शकुनचं नाव घेऊन कौतुक केलं, की बाईंनी जबरदस्ती न करता चुली गावात पोचवल्या. शकुन खाली मान घालून बसली होती. चुली पोचल्या होत्या, हे खरंच होतं.

सहासष्टच्या आषाढात ती सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी वरच्या गल्लीतून सायकल हातात धरून चालली होती. चिखल फार होता. बहुतेक धाब्यांवरच्या धुराड्यांतून धूर निघत होता. खुशालरावांच्या धुराड्यातून मात्र निघत नव्हता. तो दारातून बाहेर येत होता आणि आत कुणीतरी खोकत होतं.

शकुन अंगणात उभी राहिली. ओट्यावर कौशल्याबाई होती.

“सुभद्रा,” शकुननं बाहेरून हाक मारली, “माठाचा गळा दिसते काय? लाल?”

“दिसते, दिसते,” आतून खोकत खोकत उत्तर आलं.

धूर दारातून येतच होता. विळा नेहमी सायकलला अडकवलेला असायचा, शकुननं त्याच्याकडे पाहिलं. आत जाऊन एकदा हात घातला असता तर चहा उकळायच्या आत चूल मोकळी झाली असती. ती पावसात तिथंच उभी राहिली आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, तेच विचारलं.